लातूरहून ऑक्टोपसच्या प्रजाती शोधायच्या तर: डीएनए बारकोडिंगला नव्याने लागणाऱ्यांसाठी

विभागात प्रकल्पाचा विषय सांगितला तेव्हा पहिला प्रश्न आला, "काय गं, मांजरा नदीला ऑक्टोपस निघाला का?" मराठवाड्याचे आठ जिल्हे, एकालाही समुद्राचं पाणी लागत नाही. आमच्याकडे मासा म्हणजे जायकवाडीचा रोहू-कटला, फार तर मरळ. तरी मी हट्टाने ऑक्टोपस घेतला आणि त्यात दोन वर्षं चुका केल्या. आता दरवर्षी प्रकल्पाचे विषय ठरायची वेळ आली की कुणीतरी ज्युनिअर फोन करते आणि मी तेच ते सांगत बसते. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

## १. आधी भानगड काय आहे ते समजून घ्या

ऑक्टोपसला बाहेर कवच नाही, मोजायला खवले नाहीत, पर नाहीत. रंग तर क्षणात बदलतो. मेल्यावर पांढरा पडतो, फॉर्मॅलिनमध्ये आकसतो. हात तुटला तर पुन्हा उगवतो, त्यामुळे हाताच्या लांबीवरही भरवसा नाही. अशा प्राण्याची प्रजाती नुसती बघून ठरवायची म्हटल्यावर जुन्या अभ्यासकांनी जे केलं ते साहजिकच होतं: जरा सारखा दिसला की एकच नाव.

ऑक्टोपस वल्गारिस हे नाव क्युविए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी १७९७ साली दिलं. पुढे भूमध्य समुद्रापासून जपान, ब्राझीलपर्यंत जिथे तसा ऑक्टोपस सापडला तिथे हेच नाव चिकटत गेलं. जनुकं तपासायला लागल्यावर ही मोट सुटली. ब्राझीलकडचा एक गट २००८ मध्ये ऑक्टोपस इन्सुलॅरिस म्हणून वेगळा झाला. पूर्व आशियातला तो ऑक्टोपस सायनेन्सिस. हे नाव १८४१ पासून पडून होतं, ते २०१६ मध्ये पुन्हा वापरात आणलं गेलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑक्टोपसला पूर्व किनाऱ्यावरच्या ऑक्टोपस टेट्रिकसपासून वेगळं काढून २०२१ मध्ये ऑक्टोपस जिंडा नाव मिळालं. ही नुसती नावांची हौस नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात या ऑक्टोपसची व्यावसायिक मासेमारी चालते. किती पकडायचा हे ठरवताना आपण कुठला प्राणी मोजतोय, तेच माहीत नसेल तर आकडे कशाचे?

डोळ्याला एक दिसणाऱ्या पण मुळात वेगळ्या असलेल्या अशा प्रजातींना छुप्या प्रजाती म्हणतात. त्या हुडकायला सगळ्यात सोपं हत्यार म्हणजे सीओआय. हे मायटोकॉन्ड्रियातलं जनुक. त्याचा ६५८ अक्षरांचा ठराविक तुकडा वाचायचा आणि इतरांशी ताडून बघायचा. प्राण्यांसाठी बारकोड म्हणून हा तुकडा वापरायची कल्पना पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. त्यांच्याच नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्र छत्रपती संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठात आहे. समुद्र लांब असला तरी हा विषय आपल्याकडे अगदीच परका नाही.

## २. पैसे खर्च करण्याआधी संगणकावर एक महिना काढा

ही पायरी सगळे टाळतात. मीही टाळली होती.

जेनबँक हा सिक्वेन्सचा, म्हणजे वाचलेल्या डीएनए-अक्षरांच्या क्रमांचा, जागतिक साठा फुकट आणि सगळ्यांना खुला आहे. तिथून ऑक्टोपस वल्गारिस नावाचे सीओआय सिक्वेन्स उतरवा: भूमध्य समुद्रातले, जपानचे, ब्राझीलचे. सोबत सायनेन्सिस आणि इन्सुलॅरिस घ्या. मेगा नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका, सगळे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवा आणि झाड काढा, म्हणजे कोण कोणाच्या जवळचं ते फांद्यांनी दाखवणारी आकृती. वल्गारिस नावाचे जपानी सिक्वेन्स सायनेन्सिसच्या फांदीवर जाऊन बसलेले दिसतील. जुन्या नोंदीवरचं नाव कुणी बदललेलं नसतं. नोंद ज्याने केली तोच ते बदलू शकतो, आणि तो माणूस कदाचित निवृत्तही झाला असेल.

हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढे "जेनबँकेत ९९ टक्के जुळलं, म्हणजे झालं" असं तुम्ही म्हणणार नाही.

ओल्या कामाचा सराव करायचा तर गावच्या ओढ्यातले खेकडे घ्या, सीओआयचा तुकडा नेमका पकडणारे डीएनएचे छोटे धागे, म्हणजे प्रायमर, त्यांच्यावरही बहुधा हेच चालतात. नदीतले शिंपले मात्र नकोत. मायटोकॉन्ड्रिया सहसा आईकडूनच येतो, पण गोड्या पाण्यातल्या बऱ्याच शिंपल्यांत नराचा वेगळा मायटोकॉन्ड्रिया मुलग्यांत उतरतो. एकाच शिंपल्यात दोन सिक्वेन्स निघाले की नवखा माणूस तिथेच खचतो.

## ३. कागदपत्रं आणि सामान

कागद आधी जमवा:

- कॉलेजचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचं पत्र. पत्र मराठीत घ्या. धक्क्यावर इंग्रजी पत्र कुणी वाचत नाही.
- ज्या प्रयोगशाळेत काम करणार तिथली लेखी परवानगी. तोंडी "या की" वर जाऊ नका. मी गेले आणि फ्रीजरमध्ये जागा नाही म्हणून परत आले.
- नमुना परदेशी पाठवायचा असेल किंवा परदेशी संस्थेसोबत काम असेल तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. पहिल्या प्रकल्पात या फंदात पडूच नका.

सामानात थर्माकोलची पेटी, जाड पिशव्या, दोन मिलिलिटरच्या झाकणाच्या नळ्या, चिमटा, नव्या ब्लेडची दोन पाकिटं, मोजपट्टी, व्हर्नियर, हातमोजे, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल. पेन नको. अल्कोहोलमध्ये शाई उतरते.

आता अल्कोहोलबद्दल. पुस्तकात लिहिलेलं असतं की नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. बरोबरच आहे. पण ज्वलनशील पदार्थ रेल्वेत न्यायला बंदी आहे आणि आपण तर रात्रभर लातूर एक्स्प्रेसने येणार. त्यासाठी मिठाचं द्रावण करून न्या: २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए, आणि मीठ विरघळायचं थांबेपर्यंत. हे पेटत नाही, बर्फाशिवाय टिकतं आणि समुद्री प्राण्यांच्या मांसाला चांगलं मानवतं. एकच खुबी आहे: ईडीटीए पाण्यात टाकून नुसतं ढवळत बसाल तर तळाशी पांढरी पूड तशीच राहील. सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालत सामू ८ कडे न्या, मग ती दिसेनाशी होते. मी पहिल्या दिवशी तीन तास ढवळलं. पाणी डिस्टिल्डच घ्या. लातूरच्या बोअरच्या पाण्याने भांड्यावर किती क्षार चढतात ते आपल्याला घरी दिसतंच.

## ४. धक्क्यावर

मुंबईचा ससून डॉक किंवा रत्नागिरीचा मिरकरवाडा. जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी असते, त्यामुळे उन्हाळी सुट्टी लागली की जाऊ, असं ठरवून बसू नका. ससूनचा बाजार उजाडायच्या आधी भरतो. लातूर एक्स्प्रेस सकाळी पोचेस्तोवर तो ओसरत आलेला असतो, म्हणून आदल्या दिवशीच पोचा.

"माकूळ" मागाल तर स्क्विड हातात पडेल. ऑक्टोपस म्हणूनच विचारा, नाहीतर फोनवर फोटो दाखवा. मी एका मावशींना पत्र दाखवलं. त्यांनी ते न वाचताच परत दिलं आणि विचारलं, "खायला नको ना तुला? मग हा फाटका घेऊन जा." फाटका घेऊ नका. पैसे देऊन अख्खा घ्या, आठही हात शाबूत असलेला.

सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे: तुमच्या वहीत ठिकाण "ससून डॉक" असं जातं. ऑक्टोपस डॉकमध्ये राहत नाही. बोट कुठे गेली होती, जाळं कुठलं होतं, पाणी किती वाव खोल होतं, हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारा. तो सांगेल तसं लिहा आणि पुढे "तांडेलाच्या सांगण्यावरून" असंही लिहा. एकाच टोपलीत दोन बोटींचा माल मिसळलेला असतो. टोपली बदलली की पिशवी बदला, क्रमांक बदला.

फोटो तिथेच काढा. काही ऑक्टोपसच्या हातांच्या मुळाशी डोळ्यासारखा गोल डाग असतो, तो ताज्या अंगावरच नीट दिसतो. बर्फात ठेवताना पिशवीचं तोंड घट्ट बांधा, वितळलेलं गोडं पाणी अंगाला लागलं की मांस फुगतं. खडकाळ किनाऱ्यावर जिवंत ऑक्टोपस दिसला तर उचलू नका. निळ्या कड्यांच्या छोट्या ऑक्टोपसच्या चाव्यात टेट्रोडोटॉक्सिन असतं आणि त्यावर उतारा नाही.

## ५. तुकडा कुठला कापायचा, आणि उरलेल्याचं काय करायचं

लेखातलं एवढंच वाचलंत तरी चालेल.

ऑक्टोपस समोर असा ठेवा की डोळे वर, तोंड खाली, आणि पाणी फेकायची नळी, म्हणजे फनेल, तुमच्यापासून लांब खालच्या अंगाला. डोळ्यांच्या मधोमध पुढे येणारे दोन हात ते पहिली जोडी. तिथून डावीकडे एक ते चार, उजवीकडे एक ते चार. फनेलच्या बाजूला येते ती चौथी जोडी. नवख्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे प्राणी उलटा ठेवून मोजणं. मग डावं-उजवं पालटतं.

ते पालटलं की काय बिघडतं? ऑक्टोपसच्या नरात बहुतेक वेळा उजवा तिसरा हात समागमासाठी बदललेला असतो. त्याच्या टोकाला चमच्यासारखा भाग असतो आणि त्याची लांबी, आकार, त्या हातावरचे चूषक, म्हणजे चिकटून बसायच्या वाट्या, ही प्रजाती ओळखायची पक्की खूण. या हाताला हेक्टोकोटायलस म्हणतात. नावामागेही गंमत आहे: आर्गोनॉट नावाच्या नातेवाइकात हा हात सुटून मादीच्या अंगात राहतो. क्युविए यांनी तो पाहिला आणि परजीवी कृमी समजून त्याला हे नाव दिलं. एवढा मोठा माणूस हाताला किडा म्हणाला, तर आपण डावं-उजवं चुकलो त्यात लाजायचं काय. पण तो हात कापू नका. डावा तिसराही ठेवा, कारण उजव्याची तुलना त्याच्याशीच करतात.

मी डाव्या दुसऱ्या हाताच्या टोकाजवळून वाटाण्याएवढा तुकडा घेते. वरची कातडी चिमट्याने सोलून काढा, तिच्यात रंगद्रव्यं आणि चिकट श्लेष्मा असतो. आतलं पांढरं मांस तेवढं नळीत. दर नमुन्याला नवीन ब्लेड. पोटाच्या आसपास फिरकू नका, नाहीतर ऑक्टोपसऐवजी त्याने खाल्लेल्या खेकड्याचा सिक्वेन्स येईल.

आता उरलेला प्राणी. पहिल्या फेरीत मी तुकडे घेतले आणि ऑक्टोपस फेकून दिले. वसतिगृहात वास मारत होते, मैत्रिणी वैतागल्या होत्या, आणि मला वाटलं डीएनए तर आहे, आता हे धूड कशाला सांभाळा. चार महिन्यांनी सिक्वेन्स आले. मी एकच समजून विकत घेतलेले ऑक्टोपस झाडावर दोन फांद्यांत वाटले गेले होते, मध्ये चांगलं अंतर ठेवून. सर म्हणाले, "छान. आता सातवा नमुना काढ, चूषक मोजू." माझ्याकडे सातवा नमुना नव्हता. सातव्या नमुन्याचं टोक होतं, तेही वापरून संपलेलं. वर्षभराचं काम, आणि सांगता काय येत होतं, तर "काहीतरी वेगळं होतं". डीएनए फक्त पुन्हा कुठे बघायचं ते दाखवतो. बघायला प्राणी लागतो.

म्हणून: तुकडा घेतल्यावर आच्छादनाची लांबी, म्हणजे शरीराच्या मागच्या टोकापासून डोळ्यांच्या मध्यापर्यंत, मोजा. हातांची लांबी, हातांमधल्या पडद्याची खोली, चूषकांची संख्या आणि कल्ल्यांच्या पट्ट्या मोजा. मग प्राणी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये काही दिवस, नंतर धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. हा क्रम उलटा करू नका. फॉर्मॅलिन डीएनए तोडतं, म्हणून तुकडा आधी. नळीवर, बरणीवर, वहीत आणि फोटोत क्रमांक एकच हवा.

## ६. डीएनए काढणं

किट असेल तर किट वापरा आणि सोबतच्या कागदावर लिहिलंय तसंच करा. किट परवडत नसेल तर सीटॅब पद्धत. ऑक्टोपसच्या मांसात चिकट शर्करा बऱ्याच असतात, त्या डीएनएबरोबर येतात आणि पुढचा पीसीआर, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पायरी, अडवतात. सीटॅब त्यांना बाजूला काढतं.

मांस बारीक चिरून सीटॅब द्रावण आणि प्रोटिनेज के (प्रथिनं विरघळवणारं विकर) घाला, ५६ अंशांवर रात्रभर ठेवा. वीज जाते, हे गृहीत धरा. सकाळी इनक्युबेटर थंड आणि मांसाचे तुकडे जसेच्या तसे दिसले तर फेकू नका, थोडं प्रोटिनेज अजून घालून दोन-तीन तास परत ठेवा, बहुतेक वेळा निभावतं. पाणी पूर्ण नितळ झालं की क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४ ला १ या प्रमाणात घाला, फिरवा आणि वरचा थर हलक्या हाताने उचला. मधली पांढरी साय पिपेटमध्ये आली तर लोभ सोडा आणि थोडं द्रव मागे ठेवा. थंड आयसोप्रोपॅनॉल घातल्यावर डीएनए खाली बसतो. तो शेंबडासारखा दिसला तर शर्करा राहिल्यात, क्लोरोफॉर्मची फेरी पुन्हा करा.

## ७. पीसीआर

१९९४ सालचे फोल्मर यांचे प्रायमर घ्या: एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८. २५ मायक्रोलिटरची प्रतिक्रिया, ९४ अंशांवर सुरुवात, मग ३५ फेऱ्या: ९४ वर अर्धा मिनिट, ४८ वर ४० सेकंद, ७२ वर एक मिनिट. शेवटी ७२ वर दहा मिनिटं. तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर ७०० अक्षरांच्या आसपास एक पट्टी यायला हवी.

पट्टी आली नाही तर सगळे डीएनए वाढवतात. उलट करा, दहापट पातळ करून घाला. डीएनएसोबत अडथळाही पातळ होतो. आणि डीएनए न घातलेली एक नळी दरवेळी लावा. त्या नळीत पट्टी दिसली तर ती फेरी अख्खी रद्द, कितीही सुंदर दिसत असली तरी.

## ८. सिक्वेन्स आला, आता घाई नको

सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यावं लागतं. दोन्ही बाजूंनी वाचून घ्या, पैसे वाचवायला एकाच बाजूने नको. फाइल उघडल्यावर अक्षरांआधी आलेखातल्या लाटा बघा, दर अक्षराला एक लाट असते. सुरुवातीची ३०-४० अक्षरं गढूळ असतात, ती कापा. मधेच एका जागी दोन लाटा एकावर एक आल्या असतील तर तिथे संगणकाने दिलेलं अक्षर मुकाट्याने मान्य करू नका.

मग सिक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर करा. मेगामध्ये "अकशेरुकी मायटोकॉन्ड्रिया" हा संकेत निवडा. नेहमीचा संकेत राहिला तर जागोजागी थांब्याची, म्हणजे प्रथिन इथे संपलं अशी, खूण येते आणि लोक घाबरतात. योग्य संकेत लावूनही मधे थांबा आला तर मात्र घाबरायला हवं: कदाचित केंद्रकात जाऊन पडलेली निकामी प्रत तुमच्या हाती लागली असेल. ती झाडात घातली तर नसलेली प्रजाती उगवते.

## ९. किती फरक म्हणजे वेगळी प्रजाती?

कुणीतरी तुम्हाला तीन टक्के सांगेल. माझ्या मते हा आकडा विसरलेला बरा. काही गटांत एका प्रजातीच्या आतच तेवढा फरक असतो, काहींत नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन प्रजातींत त्याहून कमी. बघायची ती फट: एकाच गटातल्या प्राण्यांचा आपापसातला सगळ्यात मोठा फरक आणि शेजारच्या गटाशी असलेला सगळ्यात छोटा फरक, यात मोकळी जागा आहे का? एसॅप नावाचा मोफत प्रोग्रॅम हीच फट शोधून गट पाडतो. झाड काढताना एक लांबचा नातेवाईक मुळाशी ठेवा, मी एलिडोन घेते.

दर गटात निदान चार-पाच नमुने हवेत. एकाच प्राण्याची वेगळी फांदी म्हणजे बऱ्याचदा प्रयोगशाळेतली चूक.

दोन गट पक्के दिसले तरी सीओआय ही फक्त आईच्या बाजूची गोष्ट आहे. केंद्रकातलं एखादं जनुक वाचा, ऑक्टोपसमध्ये ऱ्होडोप्सिन बरंच वापरलेलं आहे. तेही दोन गट पाडत असेल तर बरण्या काढा आणि गटवार चूषक मोजा. मादीत अंडी असतील तर अंड्यांचा आकार बघा. कॅलिफोर्नियातल्या बायमॅक्युलेटस आणि बायमॅक्युलॉइडिस या दोन ठिपक्यांच्या ऑक्टोपसना १९४९ मध्ये वेगळं केलं तेव्हा डीएनएची रचनाही कळलेली नव्हती. एक बारीक अंडी भरपूर घालतो, दुसरा मोठी पण थोडी. पहिल्याची पिल्लं प्रवाहाबरोबर लांब वाहत जातात, दुसऱ्याची जन्मल्याबरोबर तळाशी बसतात.

नवीन नाव देण्याची भाषा विद्यार्थी म्हणून करू नका. त्याला आदर्श नमुना, म्हणजे ज्याच्यावर ते नाव आधारलेलं असतं तो प्राणी, मान्य संग्रहात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ते काम भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे आहे, त्यांचं एक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तिथे जाऊन त्यांच्या बरण्यांशी आपली ताडून बघण्याची परवानगी मागा, तेवढंही पुष्कळ शिकवतं.

जेनबँकेत नोंद करताना खात्री नसेल तर प्रजातीचं नाव घालू नका. जीनस, म्हणजे नावाचा पहिला शब्द, लिहा, पुढे "एसपी." (प्रजाती ठरलेली नाही), आणि बरणीचा क्रमांक. नंतर खात्री झाली की स्वतः जाऊन बदला. दुसऱ्या फेरीत मी सगळे प्राणी राखले, आणि गंमत म्हणजे वेगळ्या फांदीवरचा प्राणी पुन्हा सातव्याच क्रमांकाचा निघाला. तो एकटाच आहे, मादी आहे, अंडी नाहीत. त्याच्या नोंदीत आजही "ऑक्टोपस एसपी." एवढंच लिहिलंय.